नोकरीच्या शोधात असताना संस्थेसाठी काम: पहिल्या फोनपासून अनुभवपत्रापर्यंत

नोकरी गेलेली असते, किंवा मूल लहान म्हणून दोन-तीन वर्षं घरी गेलेली असतात, किंवा पदवी हातात असते पण 'अनुभव' या रकान्यात लिहायला काही नसतं. अशा वेळी कुणीतरी सांगतंच, "तोवर एखाद्या संस्थेत जात जा." सल्ला चांगला आहे, पण अर्धाच. जाऊन करायचं काय, हे कुणी सांगत नाही. मग सहा वर्षं अकाउंट्स बघितलेला माणूस आरोग्य शिबिरात टोकन वाटत उभा राहतो. टोकन वाटणं हलकं काम नाही, फक्त त्यातलं काही पुढच्या मुलाखतीत दाखवता येत नाही.

हा लेख वेगळ्या प्रकाराबद्दल आहे. ज्या कामाचा तुम्हाला पगार मिळत होता किंवा मिळायला हवा, तेच काम थोड्या मुदतीसाठी एखाद्या संस्थेला विनामोबदला करून द्यायचं, ते पूर्ण करायचं आणि त्याचा कागद घेऊन बाहेर पडायचं.

आधी अपेक्षा सरळ करून घेऊ. यातून हाती लागतं ते एवढं: अलीकडे केलेलं एक काम, ते पाहिलेली एक व्यक्ती, आणि मुलाखतीत "सध्या काय करताय?" या प्रश्नाला खरं उत्तर. मिळत नाही ते असं: 'किमान पाच वर्षांचा अनुभव' अशा अटीत बहुतेक एचआर हे महिने धरत नाहीत. पीएफ खात्यातही त्याची नोंद होत नाही. संस्था पुढे तुम्हालाच नोकरीवर ठेवेल या आशेने जाऊ नका. छोट्या संस्थांकडे बहुधा तेवढे पैसेच नसतात.

१. आधी जाहिराती वाचा, संस्था नंतर शोधा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि तिथेच गणित चुकतं. तुम्हाला हव्या असलेल्या पदाच्या ताज्या पंधरा जाहिराती गोळा करा. प्रत्येकीत मागितलेली कौशल्यं कागदावर उतरवा आणि वारंवार येणाऱ्यांसमोर खुणा करत जा. मग तीन रकाने पाडा: येतं आणि दाखवायला पुरावा आहे, येतं पण पुरावा नाही, येतच नाही. तुमचं काम मधल्या रकान्यातून निवडायचं. पहिल्या रकान्यातलं पुन्हा करून फारसं काही वाढत नाही. तिसऱ्यातलं संस्थेच्या जिवावर शिकू नये, ते आधी घरी शिकावं.

उदाहरण घेऊ. पुण्यात अकाउंट्स एक्झिक्युटिव्हच्या जाहिरातींत टॅली प्राइम (हिशेबाचं सॉफ्टवेअर), बँक रिकन्सिलिएशन (वही आणि बँक स्टेटमेंट जुळवणं), टीडीएस (पैसे देतानाच कापायचा कर), जीएसटी रिटर्न, एक्सेल आणि एमआयएस (व्यवस्थापनासाठीचे अहवाल) ही नावं फिरून फिरून येतात. यातलं बँक रिकन्सिलिएशन, टीडीएस, टॅलीतल्या नोंदी आणि एक्सेल हे सगळं साध्या धर्मादाय ट्रस्टमध्ये भरपूर मिळतं. जीएसटी मात्र बहुतेक छोट्या ट्रस्टना लागूच नसतो. म्हणजे तुम्हाला पुरावा जीएसटीचा हवा असेल तर वृद्धाश्रमाची वही लिहून तो मिळणार नाही. हे आधी कळलं तर दोन महिने वाचतात.

इतर क्षेत्रांतही हाच विचार. डिझायनरला संस्थेचा वार्षिक अहवाल मिळतो, म्हणजे चाळीस पानांचं छापील काम, तेही मराठी फाँटच्या सगळ्या कटकटींसकट. एचआरवाल्याला नेमणूकपत्राचे नमुने आणि रजेचे नियम लिहून देता येतात. घरी लॅपटॉपवर सॉफ्टवेअर टेस्टिंग शिकलेल्याला संस्थेचा ऑनलाइन देणगी फॉर्म दहा वेगवेगळ्या मोबाइलवर तपासून चुकांची यादी देता येते. संस्थेत या कामांना कुणी मोठी नावं देत नाही, पण कामं तीच असतात.

२. आठवड्याचे तास ठरवा, आणि ते कमीच ठेवा

आठवड्याला सहा ते आठ तास, एकूण चार ते सहा आठवडे. याहून जास्त नको. संस्थेत तुम्हाला लोक विचारतात, चहा देतात, आभार मानतात. अर्ज पाठवल्यावर मात्र साधी पोचही येत नाही. त्यामुळे मन आपोआप संस्थेकडे ओढतं आणि अर्ज मागे पडतात. सकाळचा वेळ अर्जांसाठी राखा, संस्थेला दोन ठरावीक दुपारी द्या. मुलाखत आली तर त्या दिवशी येणार नाही, हे पहिल्याच भेटीत सांगून टाका. कुणालाही त्याचा राग येत नाही. न सांगता दांडी मारली की येतो.

तुम्ही अजून नोटीस पिरियडमध्ये असाल तर नेमणूकपत्र काढून वाचा. बाहेरचं कोणतंही काम, विनामोबदला असलं तरी, परवानगीशिवाय करायचं नाही असं कलम अनेक कंपन्या घालतात. अशा वेळी रिलीव्हिंग लेटर (नोकरीतून मोकळं केल्याचं पत्र) हातात पडेपर्यंत थांबलेलं बरं.

३. संस्था कुठे सापडते

मोठ्या शहरात असाल तर आयव्हॉलंटिअर आणि मुंबईतली कनेक्टफॉर या मंचांवर कौशल्यानुसार कामं शोधता येतात. घरबसल्या करायचं असेल तर संयुक्त राष्ट्रांच्या यूएन व्हॉलंटिअर्सकडे ऑनलाइन कामं असतात, मात्र तिथे अर्जदार जगभरातून येतात. वकिलांसाठी केंद्रीय न्याय विभागाची 'न्याय बंधू' योजना आहे. प्रोग्रॅमरला संस्था शोधायचीही गरज नाही: मुंबईत जन्मलेलं ईआरपीनेक्स्ट हे व्यवसायाचा कारभार सांभाळणारं मुक्त सॉफ्टवेअर आहे, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला असतो. गिटहब या कोड ठेवायच्या मंचावर अशा प्रकल्पांत नवख्यांसाठी वेगळी खूण केलेले छोटे दोष सापडतात, आणि तुमची दुरुस्ती स्वीकारली गेली की तिची नोंद कायम सगळ्यांना दिसते. लेखन-संपादनवाल्यांना मराठी विकिपीडिया आणि विकिस्रोत आहे. तिथे प्रत्येक बदल सदस्यनावाने नोंदला जातो, त्यामुळे अनुभवपत्र मागायचीही वेळ येत नाही.

तालुक्याच्या गावी यातलं फारसं उपयोगी पडत नाही. तिथे नीति आयोगाच्या एनजीओ दर्पण पोर्टलवर जिल्हानिहाय यादी बघा, आणि त्याहून सोपं म्हणजे पायी फिरा. शंभर वर्षांचं सार्वजनिक वाचनालय, गतिमंद मुलांची शाळा, वसतिगृह, रक्तपेढी, तुमच्याच इमारतीची सोसायटी. अशा ठिकाणी अर्धवट राहिलेलं काम नाही असं होत नाही.

एक सीमारेषा इथेच आखून घ्या. नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीत 'तीन महिने फुकट काम करा, मग बघू' ही स्वयंसेवा नव्हे. ती फुकट राबवून घेण्याची युक्ती आहे. तिथे शिकायचंच असेल तर स्टायपेंड आणि मुदत लेखी मागा. दोन्हीला नकार आला तर उठून या.

४. जाण्याआधी संस्था तपासा

महाराष्ट्रातले सार्वजनिक ट्रस्ट १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेले असतात. लेटरहेडवर नोंदणी क्रमांक असतो: धर्मादाय ट्रस्टचा सहसा 'ई'ने सुरू होतो, १८६० च्या कायद्याखाली सोसायटी म्हणूनही नोंदलेल्यांचा 'एफ'ने. काही संस्था कंपनी कायदा २०१३ च्या कलम ८ खालच्या कंपन्या असतात. क्रमांकच नसेल तर विचारा. "नोंदणी चालू आहे" असं उत्तर आलं तर त्या लेटरहेडवरच्या अनुभवपत्राला पुढे कुणी विचारणार नाही.

मागच्या वर्षीचा ऑडिट झालेला जमाखर्च बघायला मागा. हे मागणं उद्धट वाटतं, पण चांगल्या संस्था तो आनंदाने दाखवतात. त्यातून संस्थेचा आवाका कळतो आणि कुठलं काम अडलंय तेही कळतं. उदाहरणार्थ, येणे रकमांत वर्षानुवर्षं तेच आकडे पडून असतील तर वहीची साफसफाई व्हायची आहे.

या गोष्टी दिसल्या तर परत फिरा: नोंदणी शुल्क किंवा प्रमाणपत्राचे पैसे मागणं, मूळ कागदपत्रं ठेवून घेणं, 'पुढे सरकारी नोकरीत उपयोग होईल' असं आमिष.

सोबत न्यायचे कागद:

- एका पानाचा बायोडाटा, दोन प्रती
- ओळखीसाठी आधारची प्रत, शक्यतो पहिले आठ आकडे झाकलेली
- मागच्या नोकरीचं अनुभवपत्र किंवा पदवीची प्रत, मूळ नव्हे
- आधी केलेल्या कामाचे दोन-तीन नमुने, जुन्या कंपनीची गुपितं वगळून
- मुलांच्या संस्थेत जाणार असाल तर पोलीस व्हेरिफिकेशनची तयारी. काही ठिकाणी ते लागतं आणि त्याला दिवस जातात

५. विचारणा: काय म्हणायचं, कुणाला म्हणायचं

"काही मदत लागली तर सांगा" हे वाक्य टाळा. समोरच्याला आता तुमच्यासाठी काम शोधावं लागतं, आणि तो आधीच कामात बुडालेला असतो. उत्तर येतं, "हो हो, नक्की कळवतो." ते कळवणं पुढे होत नाही.

संस्थेच्या सामाईक ईमेलवर लिहिण्यापेक्षा कार्यवाह किंवा व्यवस्थापकांना फोन करा, आणि फोनआधी हा निरोप पाठवा:

"नमस्कार मॅडम. मी चार वर्षं एका कंपनीत अकाउंट्स बघत होतो. सध्या नवीन नोकरी शोधतोय. आपल्याकडे देणगी पावत्या आणि बँक स्टेटमेंट जुळवायचं काम मागे राहिलं असेल तर ते मी पाच आठवड्यांत, आठवड्याला दोन दुपारी येऊन, विनामोबदला पूर्ण करून देऊ शकतो. काम संपल्यावर लेटरहेडवर अनुभवपत्र मिळावं एवढीच विनंती. उद्या अकरानंतर फोन केला तर चालेल का?"

यात तुमचं कौशल्य आहे, नेमकं काम आहे, मुदत आहे आणि तुम्हाला काय हवं तेही उघड आहे. शेवटचं लपवू नका. नोकरी शोधतोय हे सांगितलं तर मान जात नाही. उलट संस्थेच्या लोकांना तुम्ही कुठल्या हेतूने आलात हे कळतं आणि तेही मोकळे होतात.

वेळ बघूनच फोन करा. मार्चअखेर, ऑडिटचे दिवस आणि वार्षिक सभेचा आठवडा यांत नव्या माणसाला समजावून सांगायला कुणाला सवड नसते. पाच संस्थांना विचारलं तर एकीकडून होकार येईल असं धरून चला. आठ दिवसांत उत्तर नाही आलं तर एकदाच आठवण करा आणि पुढे सरका.

६. एका पानाचा कागद

तोंडी ठरलेलं काम भिजत घोंगडं होतं. पावत्यांसाठी गेलेल्या माणसाकडे तिसऱ्या आठवड्यात फेसबुक पेज, पाचव्यात प्रिंटरची दुरुस्ती आणि सातव्यात कार्यवाहांच्या पुतण्याचा प्रोजेक्ट येतो. कुणाचा हेतू वाईट नसतो. कागद नसतो एवढंच. म्हणून एक पान लिहा, दोघांच्या सह्या घ्या. मराठीतच लिहा, वकिली भाषा नको. त्यात एवढं यावं:

- काम काय: "एप्रिल ते मार्च या वर्षाच्या देणगी पावत्यांची एक्सेल नोंदवही तयार करणे आणि बँकेशी जुळवणे."
- काय नाही: "टॅलीतील नोंदी, आयकर विवरण भरणे आणि ऑडिटरशी पत्रव्यवहार यात येत नाही." ही ओळ सगळ्यांत महत्त्वाची.
- सुरुवात, शेवट आणि आठवड्याचे तास
- शंका कुणाला विचारायच्या, त्या एका व्यक्तीचं पद
- प्रवास आणि झेरॉक्सचा खर्च कोण करणार
- माहिती कुठे ठेवायची: संस्थेच्या संगणकावर की संस्थेच्या खात्यातल्या ड्राइव्हवर
- शेवटी कोणतं पत्र मिळणार

डिझायनर, लेखक, फोटोग्राफर आणि प्रोग्रॅमर यांनी आणखी एक ओळ घालावी. कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे नोकरदाराने नोकरीत केलेल्या कामाच्या हक्काची पहिली मालक सहसा नोकरी देणारी कंपनी असते. स्वयंसेवक नोकर नसतो, त्यामुळे वेगळं काही ठरलं नसेल तर हक्क त्याच्याकडेच राहतो. तो संस्थेला द्यायचा तर लेखी लागतो. मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. तेव्हा "संस्थेला हे बोधचिन्ह कायम वापरता येईल, मला ते माझ्या कामाच्या नमुन्यांत दाखवता येईल" एवढं साधं वाक्य लिहून टाकलं की पाच वर्षांनी कुणाचंच भांडण होत नाही.

७. प्रत्यक्ष काम: देणगी नोंदवहीचं उदाहरण

एकच काम जवळून बघू, कारण चुका तपशिलातच होतात.

८०जी (देणगीदाराला आयकरात वजावट मिळवून देणारी मान्यता) असलेल्या संस्थेला वर्षभराच्या देणग्यांची यादी आयकर खात्याला द्यावी लागते. ती आतापर्यंत १०बीडी या फॉर्मने जात आली. वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंतची मुदत, आणि उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये. त्यावरून निघणारं १०बीई प्रमाणपत्र देणगीदाराला मिळालं नाही तर त्याची वजावट अडते आणि तो संस्थेला फोन करकरून हैराण करतो. (१ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले, तेव्हा चालू फॉर्म कोणता ते संस्थेच्या सीएंना विचारून घ्या.) फॉर्म भरणं सीएंचं काम. तुमचं काम त्यांच्या हाती स्वच्छ यादी देण्याचं.

पहिल्या दिवशी एक्सेल उघडू नका. आधी सगळी पावती पुस्तकं टेबलावर मांडा आणि कोणतं पुस्तक कुणाकडे होतं ते लिहा. गणपतीत किंवा वार्षिक कार्यक्रमात चार जण चार पुस्तकं घेऊन फिरतात, त्यामुळे पावती क्रमांक आणि तारीख एका क्रमाने चालत नाहीत. ते चुकीचं नाही, पण तुम्हाला माहीत नसेल तर दोन दिवस डोकं फिरतं. रद्द केलेली पावतीही यादीत 'रद्द' म्हणून घ्या. क्रमांक मध्येच गायब दिसला की ऑडिटर पहिला प्रश्न त्यावरच विचारतो.

त्याच दिवशी आणखी एक नोंद करा: सध्या हे काम करायला किती वेळ जातो, किती पावत्यांवर पॅन नाही, बँकेतल्या किती नोंदी कुणाच्या ते माहीत नाही. हे आकडे आज लिहिले नाहीत तर शेवटी 'सुधारणा केली' याखेरीज सांगायला काही उरत नाही.

रकाने असे ठेवा: पावती क्रमांक, तारीख, नाव, पत्ता, पॅन, आधार (पॅन नसेल तर), रक्कम, कशी आली, देणगीचा प्रकार, बँकेत जमा तारीख, शेरा. मग सापळे:

पॅन दहा अक्षरांचा असतो: पाच अक्षरं, चार आकडे, एक अक्षर. चौथं अक्षर व्यक्तीसाठी 'पी', कंपनीसाठी 'सी', ट्रस्टसाठी 'टी'. हाताने लिहिलेल्या पावतीवर शून्य आणि 'ओ', पाच आणि 'एस' यांची सर्रास अदलाबदल होते. एक्सेलच्या डेटा व्हॅलिडेशनमध्ये (चुकीची नोंद अडवायची सोय) पॅनच्या रकान्याची लांबी दहाच ठेवा, आणि चौथं अक्षर वेगळ्या रकान्यात काढून बघा. 'सौ.' लिहिलेल्या नावापुढे 'सी' दिसला की पावती पुन्हा काढायची.

चेक क्रमांक सहा आकडी असतो आणि तो शून्याने सुरू होऊ शकतो. एक्सेल ती शून्यं गिळून टाकतं. रकाना आधीच 'टेक्स्ट' करा. नंतर केलं तर गेलेली शून्यं परत येत नाहीत.

रोख देणगी २,००० रुपयांच्या वर असेल तर देणगीदाराला ८०जीची वजावट मिळत नाही. अशा पावत्यांना वेगळा रंग द्या आणि कार्यवाहांना दाखवा. रक्कम दोन पावत्यांत 'फोडून' द्या असं कुणी सुचवलं तर नाही म्हणा. ते तुमच्या कागदात नाही आणि योग्यही नाही.

३० मार्चला दिलेला चेक ४ एप्रिलला जमा होतो. ही रक्कम कोणत्या वर्षात धरायची ते स्वतः ठरवू नका, सीएंची पद्धत विचारा आणि सगळ्या नोंदींना तीच लावा.

सगळ्यांत चिवट म्हणजे यूपीआयने आलेल्या पाचशे-हजाराच्या रकमा. स्टेटमेंटवर अर्धवट नाव आणि मोठा क्रमांक. निम्म्यांचा पत्ता संस्थेच्या व्हॉट्सॲप गटात पाठवलेल्या स्क्रीनशॉटवरून लागतो. उरलेल्या 'अनोळखी' म्हणून वेगळ्या ठेवा. अंदाजाने कुणाच्या नावावर टाकू नका. पुढच्या वर्षीसाठी उपाय सोपा आहे: क्यूआर कोडच्या खाली "देणगी दिल्यावर नाव, पत्ता व पॅन या क्रमांकावर पाठवा" अशी छापील पट्टी. पाच रुपयांच्या या पट्टीने जितकं काम वाचतं तितकं कुठल्याच फॉर्म्युल्याने वाचत नाही.

शेवटच्या आठवड्यात नवं काही करू नका. दोन पानांची सूचना मराठीत लिहा, फाइल संस्थेच्या खात्यावर ठेवा, आणि हे काम पुढे बघणाऱ्या ताईंना समोर बसवून दहा पावत्या भरायला सांगा. तुम्ही माउसला हात लावायचा नाही. त्या जिथे अडतील तिथे तुमची सूचना अपुरी आहे. ती तिथेच दुरुस्त करा. तुम्ही गेल्यावर महिनाभरात मोडून पडणारी सुंदर नोंदवही संस्थेसाठी डोकेदुखीच ठरते.

८. माहिती घरी नेऊ नका

देणगीदारांचे पॅन, मुलांची नावं, रुग्णांचे कागद यातलं काहीही तुमच्या पेनड्राइव्हवर किंवा खाजगी मेलवर नको. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहेच, पण त्याआधी ही साधी रीत आहे. मुलाखतीत दाखवायला त्याच रकान्यांची कोरी फाइल करा आणि त्यात 'देणगीदार १, देणगीदार २' अशा काल्पनिक वीस नोंदी भरा. खरी फाइल दाखवणाऱ्या उमेदवाराला शहाणा मॅनेजर नोकरीवर घेत नाही. उद्या हा आपलीही फाइल दाखवेल हे त्याला कळतं.

९. अनुभवपत्र काम चालू असतानाच घ्या

"पत्राचं काय, केव्हाही देऊ" असं सगळेच प्रेमाने म्हणतात. पुढे कार्यकारिणी बदलते, कार्यवाह मुलाकडे बंगळुरूला जातात, नव्या माणसाला तुम्ही कोण ते ठाऊक नसतं. शेवटच्या आठवड्यात मसुदा तुम्हीच टाइप करून द्या:

"श्री. ___ यांनी दि. ___ ते दि. ___ या काळात आमच्या संस्थेत स्वयंसेवक म्हणून, विनामोबदला, देणगी नोंदवही तयार करणे व बँक खात्याशी जुळवणी हे काम केले. एकूण सुमारे ___ तास काम केले. ___ पावत्यांची नोंद पूर्ण झाली व कामाची पद्धत कर्मचाऱ्यांना शिकवली."

लेटरहेड, जावक क्रमांक, तारीख, सही, पद, शिक्का. 'स्वयंसेवक' हा शब्द काढायला सांगू नका. त्याचबरोबर एका व्यक्तीला विचारून ठेवा: "कंपनीकडून फोन आला तर तुमचा नंबर देऊ का?" न विचारता नंबर दिला आणि समोरून "कोण म्हणालात?" असं आलं तर सगळं मुसळ केरात.

१०. बायोडाटात आणि मुलाखतीत

वेगळं शीर्षक द्या: 'स्वयंसेवी व्यावसायिक काम'. लिंक्डइनवरही त्यासाठी स्वतंत्र विभाग आहे. नोकऱ्यांच्या यादीत ते घुसवून 'अकाउंट्स मॅनेजर, अमुक ट्रस्ट' असं लिहू नका. पडताळणीत सॅलरी स्लिप मागतात, अनेक कंपन्या यूएएनवरचा (पीएफच्या कायम क्रमांकावरचा) नोकऱ्यांचा इतिहास बघतात, आणि खऱ्या कामावरही खोटेपणाचा शिक्का बसतो.

'संस्थेला अकाउंट्समध्ये मदत केली' ही ओळ वाया जाते. तीच अशी लिहा: 'पाच पावती पुस्तकांतील वर्षभराच्या नोंदी एका नोंदवहीत आणल्या, बँकेतील न जुळलेल्या नोंदी इतक्यांवरून इतक्यांवर आणल्या, कर्मचाऱ्याला प्रशिक्षण दिले.' आकडे खरेच टाका, लहान असले तरी. सोळा न जुळलेल्या नोंदींवर दहा मिनिटं बोलता येतं. फुगवलेल्या दोन हजारांवर पहिल्याच उपप्रश्नाला गळतं.

"पैसे मिळत नव्हते तर केलं का?" असं कुणीतरी विचारणारच. समाजसेवेचं भाषण नको. "काम शोधत होतो, हात चालू ठेवायचा होता आणि त्यांचं हे काम अडलं होतं" हे पुरतं. पगाराच्या बोलणीत मागचा पगार विचारला तर शेवटच्या नोकरीचाच सांगा. मधले विनामोबदला महिने म्हणजे तुमचा भाव शून्यावर आला असं नाही, आणि समोरच्याने तसं सुचवलं तर गप्प बसू नका.

११. परदेशात असाल तर आधी व्हिसा

जोडीदाराच्या नोकरीमुळे अमेरिकेत एच-४ व्हिसावर गेलेल्या, शिकलेल्या मराठी मुलींना हा सल्ला फार मिळतो: "घरी बसू नकोस, कुठेतरी व्हॉलंटिअर कर." तिथे सावध राहावं लागतं. वर्क परमिट नसेल तर ज्या कामासाठी एरवी पगार देऊन माणूस ठेवतात ते काम फुकट करणंही 'नोकरी' धरलं जाऊ शकतं. म्हणजे अन्नछत्रात पाकिटं भरणं ठीक, पण त्याच संस्थेचं अकाउंट्स किंवा कोडिंग नियमित सांभाळणं अडचणीचं. नफा कमावणाऱ्या कंपनीत तर पाऊलही नको. महाराष्ट्र मंडळांच्या मराठी शाळा मुळातच स्वयंसेवकांवर चालतात, त्यामुळे तिथे शिकवणं तुलनेने सुरक्षित. तरी सुरुवातीआधी इमिग्रेशन वकिलाला एकदा विचारा. ब्रिटनमध्ये पर्यटक म्हणून गेला असाल तर नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत एकूण ३० दिवसांपर्यंतच स्वयंसेवा चालते.

एच-४ वर राहून भारतातल्या संस्थेचं काम ऑनलाइन करायचं असेल तर तोही प्रश्न त्याच वकिलाला विचारा. व्हॉट्सॲप गटातल्या ताईंच्या अनुभवावर विसंबू नका, त्यांचा व्हिसा वेगळा असतो.

१२. नोकरी लागल्यावर

ऑफर आली की त्याच दिवशी कार्यवाहांना कळवा. काम अर्धवट असेल तर कुठवर आलं ते एका कागदावर लिहून द्या. 'शनिवार-रविवार करून देतो' असा शब्द देऊ नका, पहिल्या महिन्यात तो पाळला जात नाही. तुमच्या मोबाइलवर संस्थेच्या खात्याचे ओटीपी येत असतील तर क्रमांक बदलून घ्या, ड्राइव्हवरची तुमची परवानगी काढायला सांगा, किल्ली असेल तर सही घेऊन परत करा. आणि नव्या नेमणूकपत्रातलं बाहेरच्या कामाचं कलम वाचल्याशिवाय कार्यकारिणीत नाव घालायला होकार देऊ नका. काम नीट केलं असेल तर तो आग्रह होणारच.